दुर्बीण घराला नको, शाळेला घ्या



पाचवीच्या परिसर अभ्यासात सुरुवातीलाच सूर्यमाला येते. तो धडा झाला की आठवड्याभरात एखादी आई किंवा बाबा गेटवर थांबून विचारतातच, "बाई, मुलगा दुर्बिणीसाठी हट्ट धरून बसलाय. कोणती घेऊ?" २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते मुलांनी शाळेत, घरी पडद्यावर पाहिलं. तेव्हा हट्ट अगदी रास्त आहे. पण माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. मी म्हणते, घराला नका घेऊ. पाच-दहा पालक मिळून शाळेला किंवा सोसायटीला एक चांगली घ्या.

असं का म्हणते ते सांगते. स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर "५०० पट मोठं दिसेल" असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा बघून दुर्बीण घेऊच नये. किती पट मोठं दिसणार याचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचं नाभीय अंतर भागिले आपण डोळा लावतो त्या नेत्रिकेचं नाभीय अंतर. मुख्य भिंगाचं ७०० मि.मी. आणि नेत्रिकेचं २५ मि.मी. असेल तर २८ पट. नेत्रिका १० मि.मी.ची लावली तर ७० पट. नेत्रिका बदलून आकडा कितीही वाढवता येतो, पण चित्र अंधुक आणि फिसकटलेलं होत जातं. भिंगाचा व्यास जितके मि.मी., त्याच्या दुप्पट ही साधारण मर्यादा. म्हणजे ७० मि.मी.च्या दुर्बिणीला १४० पटीच्या पुढे काही अर्थ नाही. आणि गंमत म्हणजे चंद्राची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी हे सगळं ३० ते ७० पटीत दिसतं. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण २० पटीच्या दुर्बिणीतून.

दुसरी गोष्ट स्टँडची. स्वस्त दुर्बिणीचे पाय इतके लटपटतात की हात लावला की चंद्र नजरेतून पळतो. मूल पंधरा मिनिटं झटतं, काही दिसत नाही, मग आपण म्हणतो, "तुला नीट बघता येत नाही." दोष स्टँडचा आणि शिक्का मुलावर! दुर्बीण कपाटावर जाते आणि "विज्ञान आपल्याला जमत नाही" हे मुलाच्या मनात राहतं. पैसे गेल्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून वर्गणी काढून एकच घ्यायची. ११४ किंवा १३० मि.मी. व्यासाची आरशाची दुर्बीण, बसक्या लाकडी बैठकीची, जिला डॉब्सोनियन म्हणतात ती मुलांसाठी उत्तम. वर-खाली, डावी-उजवीकडे हाताने फिरवायची, बाकी काही गुंतागुंत नाही. ७० मि.मी.च्या तुलनेत १३० मि.मी.ची दुर्बीण तिपटीहून जास्त प्रकाश गोळा करते. तेवढं बजेट नसेल तर ७० मि.मी.ची भिंगाची घ्या, पण तिवई दणकट बघा. तिवईच्या मध्ये विटेची पिशवी टांगली तरी थरथर कमी होते. आणि घरीच काहीतरी हवं असेल तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घ्या. तिच्यातून कृत्तिका फार सुंदर दिसतात आणि ती गावाला, सहलीला, पक्षी बघायलाही चालते.

आता हमखास येणारी शंका : "उल्हासनगर-अंबरनाथच्या दिव्यांत काय दिसणार?" देवयानी दीर्घिकेसारख्या अंधुक गोष्टी दिसणार नाहीत, हे खरं. पण चंद्र, शुक्र, गुरू, शनी इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांना ते घाबरत नाहीत. शुक्राच्या चंद्रासारख्या कलासुद्धा दिसतात. फक्त ट्यूबलाइट थेट डोळ्यांवर येणार नाही असा मैदानाचा कोपरा निवडा. गच्चीपेक्षा मैदान बरं, कारण दिवसभर तापलेल्या स्लॅबवरची हवा हलते आणि चित्र उकळल्यासारखं दिसतं.

दिवस कसा निवडायचा? भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कोजागरीला आपण सगळे चंद्राखाली जमतो, पण दुर्बिणीसाठी पौर्णिमा चांगली नाही. समोरून उजेड पडल्याने सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध चतुर्थी ते दशमी हे खरे दिवस. अष्टमीला तर सूर्य मावळताना चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात.

माझ्या दृष्टीने याचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. कार्यक्रम सात वाजता सुरू होऊन साडेआठला संपतो. बदलापूरच्या पुढे वांगणीला खगोल मंडळ रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलं आहे. जमेल त्यांनी जरूर जावं, अंधारं आकाश बघायलाच हवं. पण रात्रभर बाहेर पाठवायचं म्हटलं की आधी कोणाचं नाव कटतं? मुलींचं. शाळेच्या मैदानात सात वाजता आईसोबत सगळ्या येऊ शकतात. एका खोलीत राहणारी, ज्यांना ना गच्ची ना दुर्बीण, ती मुलंही येतात. घरोघरी एकेक दुर्बीण घेऊन हे साधणार नाही.

वापराच्या चार गोष्टी. शोधक दुर्बीण दिवसा जुळवून घ्या. सकाळी सूर्य पाठीशी असताना मलंगगडाचा सुळका किंवा लांबचा टॉवर धरा. आधी कमी पटीची नेत्रिका लावा, मगच जास्त पटीची. ग्रह दोन-तीन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, म्हणून एक शिक्षक सतत दुर्बिणीपाशी हवा. रांगेतल्या मुलांच्या हातात कागद द्या आणि दिसलं ते काढायला सांगा. गुरूचे चंद्र तीन संध्याकाळी काढले की ते जागा बदलतात हे मुलं स्वतः सांगतात. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा.

मुलांना आधीच सांगून ठेवा की पुस्तकातल्या रंगीत फोटोसारखं दिसणार नाही. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून, नुसत्या रेघेसारखी झाली होती. आता ती वर्षावर्षाला उघडत जातील. ते बघायला पाचवीतलं मूल आठवीत जाईपर्यंत तीच दुर्बीण शाळेत असेल!

आणि एक कडक नियम : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. काही स्वस्त संचांत नेत्रिकेला लावायची काळी काच येते. ती उष्णतेने तडकू शकते, सरळ फेकून द्या. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. आकाश मोकळं मिळालं तर मुलं दुर्बिणीकडे धावतील, म्हणून हा नियम आत्तापासूनच अंगवळणी पाडा.

पुढच्या पालकसभेत हा विषय मांडून बघा. वाढदिवसाच्या दहा खेळण्यांचे पैसे एकत्र आले तर शाळेची दुर्बीण उभी राहते.