डासांची संख्या आणि हिवतापाचा हिशेब

डास मारले की हिवताप गेला, ही समजूत लोकांच्या मनात इतकी रुजली आहे, की तिच्यामागचा हिशेब सहसा कोणी मांडून पाहत नाही. वस्तुतः प्रश्न डासांच्या संख्येइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्या वयाचा आहे.

रोग्याचे रक्त शोषताना ॲनॉफेलिस मादीच्या पोटात गेलेले जंतू लगेच दुसऱ्यास बाधत नाहीत. तेथे वाढून तिच्या लाळग्रंथींत पोहोचण्यास त्यांना साधारणतः १० ते १२ दिवस लागतात. त्याआधी मेलेली मादी हिवताप देऊ शकत नाही. १०० माद्यांपैकी रोज १० टक्के मरत असतील, तर दहा दिवसांनी ३५ उरतात. हे प्रमाण २० टक्के झाले, तर जेमतेम ११. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे यश याच गणितात होते. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते आणि तेथेच विषबाधा होऊन मरते. १९५३ साली भारतात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता. १९६५ पर्यंत ही संख्या एक लाखाच्या आसपास आली. १९७६ साली मात्र ती ६४ लाखांवर गेली. डासांनी विष पचविले होते, हे खरे. पण दिसेनाशा झालेल्या रोगाविषयीची दक्षताही ओसरली होती.

विषातून वाचलेली मादीच अंडी घालते. त्यामुळे पुढील पिढी अधिक चिवट निपजते. म्हणूनच नवे संशोधन डासाऐवजी त्याच्या पोटातील जंतूला लक्ष्य करू पाहते. ॲटोव्हाक्वोन हे औषध लावलेल्या पृष्ठभागावर मादी काही मिनिटे बसली तरी जंतूची वाढ खुंटते, असे हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखविले. जंतूही औषधाला सरावू शकतो, हा धोका अर्थात उरतोच.

परंतु प्रयोगशाळेकडे बोट दाखवून नगरपालिकांना सुटता येणार नाही. शहरी हिवताप पसरविणारी ॲनॉफेलिस स्टीफेन्सी विहिरींत व गच्चीवरील टाक्यांत वाढते. मुंबईतील हिवतापाचा विहिरींशी असलेला संबंध डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालातच दाखविला होता. नळाला पाणी बेभरवशाचे आले, की लोक पिंपे भरून ठेवणारच. त्यांना केवळ दंडाच्या नोटिसा देणे न्याय्य नव्हे. उलट, टाकीला झाकण न लावून मालक जे चार पैसे वाचवितो, त्याची किंमत शेजारचा मजूर बुडालेल्या रोजाने चुकवितो. असा खर्च बाजार वसूल करीत नाही. तो शासनालाच करावा लागतो.

भारताने २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्ण कमी झाले म्हणून तपासनीस, फवारणी आणि निधी कमी करण्याचा मोह होईल, तेव्हा अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी १९६५ आणि १९७६ हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.