काम बाहेर, पारख घरी

वसई पूर्वेच्या वालीव-गोखिवरे भागांतील कारखान्यांत ‘जॉबवर्क’ हा शब्द नवा नाही. काम बाहेर दिले तरी माल परत येताच कारखान्याचा तपासनीस व्हर्नियर घेऊन बसतो आणि माप चुकलेला नग परत धाडतो. काम बाहेर देता येते, पारख बाहेर देता येत नाही, हा यंत्रधंद्याचा मूळ नियम होय. विमानांच्या इंजिनांच्या बाबतीत तो कितपत पाळला जातो, हे आज विचारणे प्राप्त आहे. कारण तेथील चूक पैशाने भरून निघत नाही.

आपल्या विमान कंपन्यांची इंजिने मोठ्या दुरुस्तीसाठी अद्यापि बव्हंशी परदेशी जातात. ह्यात गैर काही नाही. गैर ते, केवळ कागदावर विसंबणे. लंडनच्या एओजी टेक्निक्स कंपनीने सीएफएम-५६ इंजिनांचे सुटे भाग बनावट प्रमाणपत्रांसह विकल्याचे २०२३ साली उघड झाले. कागद पाहून ते भाग ठिकठिकाणी स्वीकारले गेले होते. लबाडी उघडकीस आली ती पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या दुरुस्ती विभागास एक भाग जुना वाटला म्हणून!

परक्यांना हसण्याचे आपणांस कारण नाही. एअर इंडिया एक्सप्रेसने एका एअरबस विमानाच्या इंजिनाचे भाग युरोपीय नियामकांच्या मुदतीत बदलले नाहीत आणि नोंदी मात्र खोट्या केल्या, असा ठपका मार्च २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठेवला. कंपनीने चूक मान्य केली. दुरुस्ती घरची की बाहेरची, हा प्रश्न येथे गौण ठरतो. नोंदच खोटी असेल तर दोन्ही सारख्याच.

जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांवर एकसमान ५ टक्के कर आकारून केंद्र सरकारने देशी दुरुस्ती-उद्योगास उत्तेजन दिले. नागपूरच्या मिहानमध्ये असे केंद्र २०१५ पासून उभे आहे. मराठी तरुणांच्या हातांना ह्यातून काम मिळेल, म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु उद्योगाबरोबर तपासनीसही वाढावयास हवेत. महासंचालनालयातील जवळजवळ निम्मी पदे रिक्त असल्याचे संसदीय स्थायी समितीने २०२५ साली दाखवून दिले, ही गोष्ट चिंताजनक होय.

ही पदे तातडीने भरावीत. बाहेरच्या कारखान्यांतही पूर्वसूचना न देता जाऊन कागदाशी प्रत्यक्ष भाग ताडून पाहावा. आणि जे आढळेल ते नावानिशी प्रसिद्ध करावे. विमान सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कायद्यानेही ते चालविणाऱ्या कंपनीचीच आहे. प्रवासी तिकिटावरील नावाच्या भरवशावर विमानात पाऊल टाकतो. इंजिन कोठे उघडले, कोणी जोडले, हे त्यास ठाऊक नसते. त्याच्या वतीने ते ठाऊक असणे हे कंपनीचे कर्तव्य आणि कंपनी ते पाळते की नाही, हे पाहणे सरकारचे.