स्मृतीचा दोष आणि समीक्षेची पळवाट

वेन बूथ यांनी १९६१ साली ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली, तेव्हा तिच्यामागे एक नैतिक आग्रह होता. निवेदकाची मूल्ये आणि संहितेतून जाणवणाऱ्या गर्भित लेखकाची मूल्ये यांतील अंतर वाचकाने ओळखावे, आणि त्या अंतराच्या आधारे निवेदकाला जोखावे, अशी तीत अपेक्षा होती. पुढे समीक्षेत, आणि विशेषतः विद्यापीठीय अध्यापनात, ही संज्ञा नेमक्या उलट कामासाठी राबवली जाऊ लागली. निवेदक अविश्वसनीय आहे असे एकदा म्हटले, की स्मृती अनिश्चित, म्हणून भूतकाळ अज्ञेय, म्हणून निवाडा अशक्य, अशी साखळी आपोआप जुळते. मूल्यमापनासाठी घडवलेले उपकरण मूल्यमापन टाळण्याचे साधन होऊन बसते. ज्युलियन बार्न्स यांच्या ‘द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग’ (२०११) या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीकडे ‘स्मृतीच्या अनिश्चिततेची कादंबरी’ म्हणून पाहणारे वाचन हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय.

कादंबरीचा निवेदक टोनी वेबस्टर हा साठी ओलांडलेला, निवृत्त, घटस्फोटित गृहस्थ. पूर्वार्धात तो शाळेतील मित्र, बुद्धिमान एड्रियन फिन, विद्यार्थिदशेतील प्रेयसी व्हेरोनिका फोर्ड, तिने पुढे एड्रियनशी जोडलेले नाते आणि एड्रियनची आत्महत्या यांची हकिगत सांगतो. या दोघांच्या नात्याची वार्ता कळल्यावर आपण एड्रियनला काहीसे तिरकस, पण एकंदरीत समंजस उत्तर धाडले, अशी त्याची आठवण आहे. उत्तरार्धात ते मूळ पत्रच त्याच्या हाती येते. ते विखारी आहे. त्यात दोघांना शाप आहेत, त्यांच्या संभाव्य अपत्याविषयी दुष्ट इच्छा आहे, आणि व्हेरोनिकाविषयी तिच्या आईकडे चौकशी करावी असा एड्रियनला दिलेला सल्लाही आहे.

येथेच ‘अनिश्चित स्मृती’चा सिद्धान्त कोसळतो, कारण पत्र ही आठवण नाही, तो दस्तऐवज आहे. काय घडले याविषयी या एका बाबतीत तरी कादंबरी कोणतीही संदिग्धता ठेवत नाही. शिवाय टोनीच्या विस्मरणाला एक निश्चित दिशा आहे. स्मृती केवळ सदोष असती, तर तिच्या चुका कधी त्याच्या बाजूने, कधी विरुद्ध पडल्या असत्या. प्रत्यक्षात महत्त्वाची प्रत्येक चूक त्याच्या सोयीची आहे. सेव्हर्न नदीला उलटी चढणारी भरतीची लाट पाहिल्याचा प्रसंग तो प्रथम सांगतो तेव्हा त्यात व्हेरोनिका नाही. पुढे त्याला आठवते की ती तेथे त्याच्यासोबत होती. पत्रातील विखार पुसला जातो, आणि सहवासातील जिव्हाळाही पुसला जातो. दोन्ही पुसल्यानंतर जे उरते ते टोनीला पेलणारे आहे: एक थंड, दुराराध्य मुलगी आणि तिच्यापासून वेळीच सुटलेला एक साधा माणूस. ज्या चुकांना असा कल असतो, त्यांचा विचार ज्ञानमीमांसेच्या आधी नीतीच्या कक्षेत व्हावयास हवा.

संशयवादाचे जे तत्त्वज्ञान या वाचनाला प्रिय आहे, त्याची परीक्षा खुद्द कादंबरीनेच आरंभी घेतली आहे, याचेही विस्मरण होते. शाळेतील रॉब्सन नावाचा मुलगा, प्रेयसीला दिवस गेल्यानंतर, गळफास घेतो. वर्गात एड्रियन या घटनेचा आधार घेऊन इतिहासातील कार्यकारणभावाविषयी शंका उपस्थित करतो: पुरावा अपुरा असेल तर उद्या कोणी हा इतिहास कसा लिहावा? जो हंट हे इतिहासाचे वृद्ध शिक्षक सौम्यपणे दाखवून देतात, की प्रत्यक्ष पुराव्याची उणीव इतिहासकाराला नवी नाही. अन्य कागदपत्रे असतात, माणसांचे वागणे असते, त्यांवरून अनुमान करता येते. ज्या शंकेला वर्गातच उत्तर मिळाले होते, तिच्याच आश्रयाला टोनी म्हातारपणी जातो, आणि समीक्षा तिला कादंबरीचा निष्कर्ष समजते. या सगळ्या चर्चेत रॉब्सनची ती मुलगी मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. तिला साधे नावही मिळत नाही.

व्हेरोनिकाला ‘गूढ’ ठरवणारी समीक्षा हेच पुढे चालवते. टोनीला ती कळत नाही, म्हणून ती गूढ. म्हणजे निवेदकावर विश्वास ठेवू नये असे बजावणारे समीक्षक या एका व्यक्तिरेखेबाबत मात्र त्याचा शब्द प्रमाण मानतात. निवेदकाचे शेरे बाजूला सारून तिची केवळ कृत्ये पाहिली, तर तिच्यात गूढ असे फारसे उरत नाही. ज्याच्यावर तिने प्रेम केले, त्याच्यापासून तिच्या आईला मूल झाले, आणि त्याने आपले आयुष्य संपवले. ते मूल बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मले. त्या भावाला ती आजही भेटते, आपले मानते. आईने मृत्युपत्रान्वये टोनीला ठेवलेली एड्रियनची रोजनिशी ती जाळते, आणि टोनीचे पत्र त्याला परत देते. यापेक्षा स्पष्ट विधान कोणते? हे सर्व तिने आधीच सांगून टाकले असते तर कथानक उभेच राहिले नसते, असा एक आक्षेप या कादंबरीवर घेता येतो, आणि रहस्यरचनेपुरता तो रास्तही आहे. परंतु ज्याने तिला शाप दिले, त्याला तिने आपल्या घरातील शोकाचा तपशील का पुरवावा, हा प्रश्न त्या आक्षेपात विचारला जात नाही. रोजनिशीची हाव टोनीला आहे. ती न मिळाल्याबद्दल हळहळणारा वाचक टोनीच्याच पंक्तीला बसतो.

यावर कोणी म्हणेल, की टोनीला गुन्हेगार ठरवणे हाही अन्यायच. पत्र त्याने लिहिले, परंतु एड्रियनचे वर्तन एड्रियनचे, आणि साराचे साराचे. हे खरे आहे, आणि कादंबरी त्याच्याही पुढे जाते. एड्रियनच्या रोजनिशीतील उरलेल्या एकमेव पानावर उत्तरदायित्वाची बीजगणिती समीकरणे आहेत, आणि टोनीच्या नावापाशी वाक्य तुटते. ज्याच्या आयुष्यात फारसे काही घडले नाही अशा माणसाला त्या तुटलेल्या वाक्यात आपले महत्त्व सापडते. दुसऱ्यांच्या शोकांतिकेचे मूळ आपण आहोत, या जाणिवेत पश्चात्तापाइतकाच अहंकारही असू शकतो. विस्मरणाने टोनी स्वतःला वाचवतो, तर पश्चात्तापाने केंद्रस्थानी आणतो. दोन्ही खेपांना व्हेरोनिका परिघावरच राहते. रितेश बत्रा यांच्या २०१७ च्या चित्रपटात टोनीला घटस्फोटित पत्नी आणि मुलगी यांच्या निकट आणून दिलासा देण्यात आला. कादंबरीने हा दिलासा नाकारला होता.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधील चक्रधराची स्मृती अधू नाही. पूर्वीच्या प्रेमभंगाची आठवण त्याला लख्ख आहे, आणि स्त्रीजातीविषयीच्या कडवटपणाचा परवाना म्हणून तो ती जवळ बाळगतो. युद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेल्या बोटीवर निर्वासित ज्यू तरुणी हॅर्टा त्याच्या आयुष्यात येते. मुंबईला तो उतरतो, ती पुढे जाते आणि समुद्रात जीव देते. एकाचे विस्मरण, दुसऱ्याचे अतिस्मरण. परंतु दोघेही भूतकाळाचा उपयोग वर्तमानातील स्त्रीचे म्हणणे ऐकू न येण्यासाठी करतात. अर्थात स्मृती विश्वसनीय की अविश्वसनीय, ही कसोटी येथे अपुरी ठरते. फरक आहे तो अन्यत्र: बेडेकरांनी हॅर्टाला तिची पत्रे दिली, तिचा स्वतःचा स्वर दिला. बार्न्स व्हेरोनिकाला तो देत नाहीत, आणि तिच्या मौनाचा अर्थ लावण्याची जबाबदारी वाचकावर येते.

बार्न्स यांनी आपल्या कादंबरीला फ्रँक करमोड यांच्या १९६७ च्या समीक्षाग्रंथाचेच नाव दिले आहे. आदि आणि अंत जुळवून काळाला अर्थ देण्याची मानवी गरज हा करमोड यांचा विषय. बार्न्स यांच्या शेवटी आदि-अंत जुळतात, पण सांत्वन मिळत नाही. खुद्द टोनीलाही अखेरीस केवळ अस्वस्थता उरते. ही अस्वस्थता ‘निवेदनतंत्राचा विशेष’ या मथळ्याखाली परीक्षेच्या उत्तरात नोंदवली गेली, की ती तेथेच शमते, आणि विद्यार्थी एक संज्ञा शिकून एक माणूस वाचण्याचे विसरतो. निवेदक अविश्वसनीय आहे, हे विधान अध्यापनाच्या आरंभी शोभते. त्याच्या चुका कोणाच्या लाभाच्या आहेत आणि त्यांची किंमत कोण मोजते, हे तपासल्याविना ते विधान अखेरचे म्हणून स्वीकारणारी समीक्षा टोनीच्या पत्राची प्रत हाती घेऊनही त्याच्या आठवणीवरच विसंबून राहते.