वैचारिक निबंध आणि उसनी वाक्ये



वैचारिक निबंधाचा प्रश्न समोर आला, की आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी एका मळलेल्या वाटेने चालू लागते. आरंभी 'आजच्या विज्ञानयुगात' किंवा 'प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात' असे एखादे वाक्य, मध्ये चार फायदे व चार तोटे, आणि शेवटी 'आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत' असा कोणीही मान डोलवावी असा समारोप. अशा निबंधात चूक शोधू गेल्यास ऱ्हस्वदीर्घाच्या दोनचार चुकांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. मात्र त्यात मतही सापडत नाही. लिहिणाऱ्याला युक्तिवाद करता येत नाही म्हणून हे घडते, अशी एक समजूत अध्यापकवर्गात आहे. मला ती मान्य नाही. तुम्हाला युक्तिवाद येतो. कागद पुढे आला की तुम्ही तो बाजूला ठेवता आणि उसनी वाक्ये घेता. ही उसनी वाक्ये पुष्कळदा तुमच्याच विरुद्ध साक्ष देतात, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

मंचरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या कोणालाही पहिल्या विधानाची खात्री पटेल. 'हा गोळा नाही, यात गोल्टी मिसळली आहे' असे व्यापारी म्हणतो, तेव्हा शेतकरी कांद्याची महती गात नाही. तो गोणी उलटी करून दाखवतो. 'माल ओला आहे' या आक्षेपावर तो काढणी कधी झाली, पात कापल्यावर किती दिवस सुकवला, कोणत्या वखारीत ठेवला हे सांगतो. शेजारच्या ढिगाला मिळालेल्या भावाचा दाखला देतो. आणि थोडा माल खरोखर बदला असेल, तर तेवढा वेगळा काढून उरलेल्यासाठी भांडतो. आक्षेप नेमका ऐकणे, पुरावा समोर ठेवणे, तुलना करणे, जे टिकणार नाही ते सोडून देणे या चारही गोष्टी तिथे आहेत. तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक याहून फार निराळे काही सांगत नाही. मग हाच माणूस पदवीच्या परीक्षेला बसल्यावर 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' एवढेच लिहून का थांबतो?

याचे उत्तर मला आंबेगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या निबंधात मिळाले. विषय होता 'मानव-वन्यजीव संघर्ष'. या बाईंचे घर उसाच्या शेताला लागून. शेळ्यांचा गोठा संध्याकाळी सहानंतर बंद. मुलांना शाळेतून आणायला घरातले मोठे माणूस जाते. त्यांच्या निबंधाचे पहिले वाक्य होते : 'आज मानवाने आपल्या स्वार्थासाठी वन्य प्राण्यांच्या घरावर अतिक्रमण केले आहे.' पुढील दोन पाने याच सुरात होती. जंगलतोड, सिमेंटची जंगले, मुक्या प्राण्यांचा आक्रोश. भाषा नीटनेटकी होती.

आता हे वाक्य जुन्नर-आंबेगावच्या भूमीवर तपासून पाहा. घोड आणि मीना नद्यांच्या खोऱ्यातली ही शेते पिढ्यान्‌पिढ्या कसली जात आहेत. कुकडी प्रकल्पाची डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालव्यांनी पाणी आले, ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उभे राहणारे हे पीक बिबट्याला दाट आडोसा देते, पाणी जवळ असते, आणि गावालगत कुत्री, शेळ्या, डुकरे मिळतात. मादी उसातच पिले घालते. तोडणीच्या हंगामात मजुरांना ती सापडतात, आणि वनखात्याचे लोक आईने न्यावीत म्हणून त्यांना त्याच जागी ठेवून रात्रभर पहारा करतात. या बिबट्याने सह्याद्रीचे रान कदाचित कधी पाहिलेलेही नसेल. येथे माणूस जंगलात घुसलेला नाही, बिबट्याने शेतालाच आपले घर केले आहे. म्हणजे 'अतिक्रमण' हे वाक्य अन्य कुठे खरे असेल, या बाईंच्या शिवारात ते खरे नाही. शहरातल्या कोणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी प्रदेशाविषयी लिहिलेले वाक्य त्यांनी आदराने उचलले, आणि त्यामुळे त्यांच्या निबंधात आरोपी ठरली ती त्यांच्याच घरची माणसे. संमंत्रण सत्रात हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्याच सासऱ्यांना चोर ठरवलं की!"

यावर घाईने उलट टोक गाठण्याचा मोह होतो. त्यांच्या दुसऱ्या लेखनात तसेच झाले. 'नरभक्षक बिबट्यांना पकडून दूर जंगलात सोडलेच पाहिजे.' हे वाक्य परके नव्हते. ते गावातल्या प्रत्येक ओट्यावर ऐकू येते आणि त्यामागे खरी भीती आहे. मूल गमावलेल्या घरासमोर त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण गावाचे वाक्य झाले तरी तेही उसनेच. निबंधात आणताना ते तपासायला हवे.

आपल्याकडील न्यायशास्त्राने अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नावांचे पाठांतर परीक्षेपुरते करा. मला महत्त्वाची वाटते ती उदाहरणामागे दडलेली व्याप्ती. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान 'जिथे धूर तिथे अग्नी' या नियमावर उभे असते. नियम ढळला की सगळे ढळले. बिबट्यांच्या वाक्यातला न बोललेला नियम कोणता? जिथून बिबट्या उचलला ती जागा रिकामी राहते, आणि जिथे सोडला तिथे तो निमूटपणे राहतो. याच भागात हा नियम पारखून पाहिला गेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती, स्थलांतराच्या काळात ती १७ वर गेली. या आकड्यांनी गावकऱ्यांची भीती खोटी ठरत नाही. ठरतो तो एक उपाय अपुरा, कदाचित उलटा. भीती आणि उपाय या दोन गोष्टी वेगळ्या करता येणे ही निबंधलेखनातली फार मोठी पायरी आहे, आणि भाषणबाजीत ती हमखास गाळली जाते.

भाषेचा अभ्यासक म्हणून 'नरभक्षक' या शब्दापाशी थोडे थांबतो. हे विशेषण दिसते वर्णनासारखे, पण तो एक निष्कर्ष आहे. अमुक एका बिबट्याने माणूस मारला, पिंजऱ्यात आला तो तोच, आणि तो पुन्हा तसेच करील, अशी तीन विधाने त्यात गुंडाळलेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे असे मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे देऊन ठरवल्याशिवाय त्याला मारता येत नाही. कायदा ज्यासाठी लेखी कारणे मागतो, ते वृत्तपत्राचा मथळा आणि आपला निबंध एका विशेषणात उरकून टाकतात. 'बिबट्याचे दर्शन' हा शब्दप्रयोगही असाच गमतीचा आहे. गोठ्यात शेळी ओरडत असताना कोणी दर्शन घेत नाही.

मराठीने आपल्याला या बाबतीत बारीक हत्यारे दिली आहेत आणि आपण ती वापरत नाही, याची मला खंत वाटते. 'बिबट्या उसात आहे', 'उसात असावा', 'उसात असेल', 'उसात आहे म्हणे' ही चार वाक्ये बोलताना आपण कधी गल्लत करत नाही. पाहिले असेल तर 'आहे', ठसे पाहून काढलेले अनुमान असेल तर 'असावा', नुसता अंदाज असेल तर 'असेल', आणि पारावर ऐकले असेल तर 'म्हणे'. आपले ज्ञान कोठून आले हे क्रियापदाजवळच नोंदवण्याची ही सोय आहे. निबंधात मात्र सगळे 'आहे' होऊन बसते, आणि त्यावर 'च' चा शिक्का बसतो. 'जंगलतोडीमुळेच', 'सरकारच', 'झालेच पाहिजे'. प्रत्येक 'च' म्हणजे इतर सर्व शक्यता नाकारल्याचा दावा. तो सिद्ध करण्याची तयारी नसेल तर 'च' खोडा.

दुसरी खोड 'झाले पाहिजे' या रचनेची. 'बिबट्यांचा बंदोबस्त झाला पाहिजे.' कोणी करायचा? वनखात्याने, वीज कंपनीने, साखर कारखान्याने, ग्रामपंचायतीने की आपण स्वतः? या रचनेत कर्ता सोयीस्करपणे बाहेर राहतो. त्याला ओढून वाक्यात आणा आणि काय होते ते पाहा. आमच्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले होते, आणि तिसऱ्या लेखनात निबंध बदलला. त्यांनी लिहिले : बिबट्यांचा वावर असलेल्या गावांत वीज वितरण कंपनीने शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी. कारण रात्रीची पाळी आली की उसाला पाणी देण्यासाठी माणसाला अंधारात, एकट्याने, वाकून काम करत बांधावर फिरावे लागते, आणि बिबट्याच्या हालचालीची वेळही तीच असते. माणिकडोहच्या निवारण केंद्रात आणखी पिंजरे वाढवून ही वेळ बदलत नाही; विजेच्या वेळापत्रकाने बदलते.

येथवर आल्यावर त्यांना वाटले की निबंध झाला. वस्तुतः पूर्वपक्ष अजून आलाच नव्हता. न्यायशास्त्र वाद, जल्प आणि वितंडा यांत भेद करते. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करायचे ती वितंडा. वादात प्रतिपक्ष असा मांडावा लागतो की प्रतिपक्षानेही 'होय, माझे म्हणणे हेच' असे म्हणावे. त्यांनी तो प्रयत्न केला. हल्ले केवळ रात्री शेतात होत नाहीत. भरदिवसाही झाले आहेत, संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलांवरही झाले आहेत. मग दिवसाच्या विजेने काय साधणार? या आक्षेपाला उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी आपला दावा आवळला : हल्ले 'थांबतील' याच्या जागी 'रात्री पाणी देणाऱ्यांवरचा धोका कमी होईल' असे लिहिले, आणि अंगणातल्या मुलांसाठी वेगळा उपाय लागेल, हे मान्य केले. निबंध त्यामुळे दुबळा झाला असे त्यांना वाटत होते. माझ्या मते तो त्याच क्षणी विश्वासार्ह झाला. आपल्या दाव्याची हद्द स्वतः आखणाऱ्या माणसाचे उरलेले बोलणे वाचक गंभीरपणे घेतो. बदला वेगळा काढणारा तो शेतकरी आठवा.

'आमच्यासारख्यांनी असे ठासून लिहावे का?' हा प्रश्न दूरशिक्षणातील विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, वारंवार विचारतात. त्यांनी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' अवश्य वाचावे. बुलढाण्याच्या या बाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रातून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप सुरू झाले. ताराबाईंनी १८८२ मध्ये दिलेले उत्तर रचनेच्या दृष्टीने पाहा : स्त्रियांवर ठेवलेले दोष त्या एकेक करून उचलतात आणि तीच कसोटी पुरुषांना लावतात. पूर्वपक्ष शब्दशः समोर, आणि त्याचाच नियम वापरून उत्तर. संताप पानोपानी आहे, पण तो पुराव्याच्या जागी आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली. वैचारिक निबंध म्हणजे विद्वानांची मक्तेदारी, हे मराठीच्या इतिहासाला धरून नाही.

परीक्षकांविषयीही एक शब्द. फायदे-तोट्यांचा समतोल तक्ता सुरक्षित असतो, त्याला बरे गुण मिळतात, आणि मार्गदर्शक पुस्तके त्याच बळावर खपतात, हे मला ठाऊक आहे. ठाम भूमिका घेणाऱ्या, पण आक्षेपाला सामोऱ्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेला अधिक गुण द्यायला हवेत, असे माझे मत आहे. ते मी मूल्यमापनाच्या बैठकांतही मांडतो.

पुढील सत्रासाठी स्वाध्याय याच परिसरातला घ्या : बैलगाडा शर्यती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली; २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली; १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली; आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एकाच न्यायालयाचे दोन निकाल असे वेगळे का आले, हे आधी शोधा. बैलाच्या वेदनेविषयीचा युक्तिवाद कोणता, परंपरेविषयीचा कोणता, आणि परंपरा आहे की नाही हे कोणी ठरवायचे याविषयीचा कोणता, हे तीन निराळ्या कागदांवर लिहून काढा. तुम्ही घाटात गाडा पळवणारे असाल, तर प्राणिमित्रांची बाजू प्रथम लिहा. शर्यतींना विरोध असेल, तर वर्षभर खोंडाला पोटच्या पोरासारखे वाढवणाऱ्या मालकाची. ते पान त्या बाजूच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचून दाखवा आणि 'माझे म्हणणे हेच' असे तो म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. तुमचे स्वतःचे मत त्यानंतर लिहायला घ्या. शब्दमर्यादा ६००.