बंदुकीची किंमत

'फिर हेराफेरी' हा नीरज व्होरा यांचा २००६ सालचा विनोदी चित्रपट दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवला जातो. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी उभारलेल्या इमारतींतही बाबूराव गणपतराव आपट्यांच्या फजितीवर हशा पिकत असणार. त्या हसण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र चित्रपटातल्या बंदुकांचा अर्थशास्त्राच्या अंगाने थोडा विचार व्हावयास हवा.

कथेचा क्रम ध्यानात घ्यावा. एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या चिट फंडावर तिघे विसंबतात. पैसे बुडतात, गुंडाचे देणे डोक्यावर बसते आणि मग बंदुकांशी गाठ पडते. अखेरीस काही जुन्या बंदुका कोट्यवधींच्या मोलाच्या निघतात. परंतु राजू त्या पुलावरून पाण्यात टाकण्याच्या बेतात असतो आणि फोन नुसता वाजत राहतो. ज्याच्या हाती बंदूक, त्यालाच तिची किंमत ठाऊक नाही, हा त्यातला विनोद.

गिरणगावात जवळपास हाच क्रम विनोदाविना घडला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंच्या नोकऱ्या मात्र गेल्या. बापाची पाळी जेथे कायमची सुटली, अशा काही घरांतली मुले टोळ्यांच्या हाती लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट खुली केली. जमिनीला भाव आला, तसा बंदुकीलाही आला. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात गोळ्या झाडल्या गेल्या. पहाऱ्यावरचे पोलिसही त्यांत बळी पडले. १९९४ च्या मे महिन्यात गिरणीमालक सुनीत खटाव यांची, तर १६ जानेवारी १९९७ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांची गोळ्या घालून हत्या झाली. मालक गेला, पुढारीही गेला. जमिनीचा व्यवहार मात्र थांबला नाही.

टोळ्यांच्या बोलीत पिस्तुलाला 'घोडा' म्हणतात. त्या घोड्यावर स्वार झाल्याचा भास पोरांना झाला. लगाम दुसऱ्यांच्या हाती होता. नफा जमिनीच्या खात्यावर जमा झाला आणि खर्च आयांच्या नावे पडला: वकिलाची फी, तुरुंगाच्या फेऱ्या, कुठे थेट अंत्ययात्रा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. घरे मिळाली ती थोड्यांना.

चित्रपटावर बंदी मागणे हा यावरचा उपाय नव्हे. विनोदी चित्रपटातली बंदूक फुकटची असते. तिचे बिल कोणी मागत नाही. वस्तीतली बंदूक नेहमी उधारीवर येते, आणि ती उधारी फेडते ते बेकाराचे घर. म्हणून नियमित पगार, सहकारी पतपेढी आणि हक्काचे घर यांची मागणी हीच बंदुकीविरुद्धची खरी मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत दामदुपटीचा दलाल वस्तीत येतच राहील. आणि त्याच्या मागोमाग कोण येतो, हे गिरणगावाला नव्याने सांगावयास नको.