विश्लेषण : केमोथेरपीची गोळी अष्टमीच्या दुकानात, प्रशिक्षण कधी?

कर्करोगाचे उपचार म्हणजे परळच्या किंवा खारघरच्या वाऱ्या, असे रोहा-अष्टमीकडची कुटुंबे धरून चालतात. ते आता अर्धेच खरे आहे. केमोथेरपीची बरीच औषधे गोळ्यांच्या रूपात आली आहेत. डॉक्टर मुंबईत चिठ्ठी लिहितात, रुग्ण कुंडलिकेकाठी परततो आणि पुढचे तीन आठवडे त्याला सर्वांत जवळचा जाणकार म्हणजे नाक्यावरचा औषध दुकानदार. त्याला या औषधांविषयी कोणी काही शिकवले आहे का?

गोळी चुकली तर काय होते?

उदाहरण आपल्याच तंबाखूग्रस्त भागातले. तोंडाच्या व मानेच्या बळावलेल्या कर्करोगावर टाटा मेमोरियलने ४२२ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणारे रुग्ण थोडे अधिक जगले. सहा महिन्यांच्या आसपासचे मध्यमान साडेसात महिन्यांवर गेले. घरी घेता येणारा, गरिबाला परवडणारा उपचार. पण यातली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा. दोन्ही एकाच चिठ्ठीवर. घाईत पाकिटावर दोन्हींपुढे ‘रोज’ लिहिले गेले, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्याने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी जगभर आहेत.

दुसरा धोका त्याहून साधा दिसतो. केमोथेरपी सुरू असलेल्या माणसाला ताप येतो, मुलगा दुकानात येऊन पॅरासिटामॉल मागतो. इतरांसाठी हा रोजचा व्यवहार. या रुग्णात मात्र १०० अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप म्हणजे पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता. त्याला काही तासांत रुग्णालय गाठावे लागते. गोळीने ताप उतरतो आणि नेमकी तीच वेळ निघून जाते. ‘घरात कोणाची केमो चालू आहे का?’ एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारला गेला पाहिजे.

दूरस्थ प्रशिक्षण उपयोगी पडेल का?

पडेल, पण नुसत्या व्याख्यानांनी नाही. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ‘इको’ पद्धत सुरू केली. गावोगावच्या डॉक्टरांनी पडद्यावर आपापले रुग्ण मांडायचे आणि तज्ज्ञांसह चर्चा करायची. अशा डॉक्टरांच्या हातून झालेले हेपेटायटिस-सीचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच यशस्वी ठरल्याचे २०११ मध्ये दिसून आले. कर्करोग तज्ज्ञ मोजकेच असलेल्या अनेक विकसनशील देशांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनेही ती वापरली आहे. हे वर्तुळ रुग्णालयाबाहेर, किरकोळ औषध दुकानापर्यंत नेण्याची गरज आहे. रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टवर टाकलेलीच आहे. जबाबदारी द्यायची आणि ज्ञान द्यायचे नाही, हे बरे नव्हे.

तासभर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र उतरवून घेण्याचा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. तो इथे नको. वर्ग मराठीत हवा, बाजार थंडावतो त्या दुपारच्या वेळी हवा आणि त्यात दुकानात खरोखर आलेल्या चिठ्ठ्यांवर, नाव झाकून, चर्चा व्हावी. मोबाइलवर सारेच शिकता येते असेही नाही. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तिथे केमोची इंजेक्शने तयार करणाऱ्यांना मात्र सुरक्षित कपाटासमोर, हातमोजे घालून, प्रत्यक्षच शिकावे लागेल.

अष्टमीच्या दुकानदारासाठी आणखी एक गोष्ट लागेल आणि ती फुकट आहे : टाटाच्या चिठ्ठीवर तेथील औषध विभागाचा एक दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलणारा माणूस. शंका येते ती चिठ्ठी हातात असताना, पुढच्या वर्गाच्या दिवशी नव्हे.