मुलांनी राखलेला वाडा

रोज दिवा लागला की घर टिकतं, असं आई म्हणायची. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरच्या स्टो वाड्याविषयी वाचताना तेच आठवलं. धनी ड्यूक कर्जात बुडाला. १८४८ मध्ये सामानाचा लिलाव ४० दिवस चालला. १९२३ मध्ये तिथे ९९ मुलग्यांची निवासी शाळा सुरू झाली. विसाव्या शतकात तिकडे असे शेकडो वाडे पाडले गेले, हा मात्र मुलांच्या वर्दळीने तगला.

जानेवारी २०२५ पासून तिथल्या खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागतो. जुन्या वास्तूची डागडुजी महाग, हे मान्य. तरी मला कर रास्त वाटतो. कर नव्हता तेव्हा तरी ती फी शेतमजुराला कुठे परवडत होती? अशा शाळांनी आसपासच्या खेड्यांतल्या अधिक मुलांना फीमाफी द्यावी. मुलांनी राखलेला वाडा सगळ्या मुलांचा व्हायला नको का?